तोतया, शहाणे आणि किल्ल्यांच्या कोठड्या

1776 साल सरत आले असताना कोकणातून समुद्रमार्गे निसटू पाहणारा एक माणूस कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांच्या हाती लागला. तो स्वतःला सदाशिवराव भाऊ म्हणवत होता. खरे भाऊसाहेब 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले, त्याला सोळा वर्षे होत आली होती. तरीही काही आठवड्यांपूर्वीपर्यंत या माणसामागे वीसेक हजारांची फौज होती, कोकणातले बरेच किल्ले त्याच्या नावाने झेंडे लावून बसले होते आणि बोरघाट चढून तो राजमाचीपर्यंत पोहोचला होता. पुण्याचे सरदार महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी ही फौज उधळल्यावर त्याने किनारा गाठला. मुंबईत इंग्रज थारा देतील, अशी त्याची आशा होती. वाटेत कुलाबा होता.

अलिबागच्या समोर, ओहोटीला पायी जाता येईल इतक्या अंतरावर हा किल्ला उभा आहे. तिथल्या सरखेलांना, म्हणजे आंग्र्यांना, हा कैदी म्हणजे लाभही होता आणि संकटही. सोडला तर पुणेकरांचा रोष, धरून ठेवला तर मुंबईकरांचे डोळे. रघुजींच्या घरात या विषयाचा अनुभव ताजा होता: त्यांचे चुलते तुळाजी आंग्रे 1756 मध्ये विजयदुर्ग पडल्यापासून पेशव्यांच्या कैदेत होते आणि तिथून ते जिवंत सुटले नाहीत. पुण्याशी वैर घेतल्यावर काय होते, हे कुलाब्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रघुजींनी तोतयाला पुण्याकडे रवाना केले.

पुण्यात त्या वेळी राज्य कोणाचे होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारदी शिपायांनी खून केला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, गादीवर आले. काही महिन्यांतच कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांच्याविरुद्ध मसलत रचली. नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर सुरक्षित नेले, आणि अजून जन्मालाही न आलेल्या मुलाच्या नावाने कारभार सुरू केला. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. इतिहासात याला बारभाईंचे कारस्थान म्हणतात. शिक्का बाळाचा होता, पण सत्ता मसलतीत बसलेल्या कारभाऱ्यांची होती. गादीवरचा माणूस हटवून सत्ता हाती घेणारी ही क्रांतीच होती, फक्त ती वंशपरंपरेची शाल पांघरून आली.

अशा सत्तेला सर्वांत जास्त भीती असते ती कालच्या धन्याशी निष्ठा राखणाऱ्यांची. दादासाहेबांचा पक्ष पुण्याच्या वाड्यांत होता, फौजेत होता, किल्ल्यांवर होता, आणि दादासाहेब स्वतः 1775 मध्ये सुरतेचा तह करून इंग्रजांच्या पाठिंब्यावर उभे होते. 1 मार्च 1776 च्या पुरंदरच्या तहाने हे प्रकरण मिटल्यासारखे दिसले, पण मिटले नव्हते. त्याच साली दादासाहेब मुंबईत येऊन बसले. म्हणजे तोतयाची होडी जिथे जाऊ पाहत होती, तिथे बारभाईंचा मुख्य शत्रू होताच. दोघे मुंबईत एकत्र आले असते तर बारभाईंच्या पायाखालची वाळू सरकली असती.

तोतयाचा इतिहास नवा नव्हता. तो कनोजी ब्राह्मण, नाव सुखलाल असे सांगतात. नारायणरावांच्या आधीचे पेशवे थोरले माधवराव यांच्या काळातच तो प्रकट झाला होता, पकडला गेला होता, चौकशी होऊन खोटा ठरला होता. त्याला मारले मात्र नव्हते. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर असा तो फिरत राहिला आणि शेवटी रत्नागिरीस आला. 1776 च्या आरंभी रत्नागिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याच्यापुढे मान तुकवली. दहा-बारा वर्षे टाळलेला निर्णय असा फौज घेऊन परत आला.

लोकांनी विश्वास ठेवला तरी कसा, असे आज वाटते. पानिपतानंतर भाऊंचा म्हणून जो देह सापडला त्याला शिर नव्हते. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटवली गेली. पुण्यात त्यांची पत्नी पार्वतीबाई वैधव्य मान्य न करता राहत होत्या. घरोघरची माणसे त्या रणावर गेली आणि परतली नव्हती. एक परत आला म्हणजे आणखीही येतील, ही आस त्या विश्वासात मिसळली होती. शिवाय सगळेच भोळे नव्हते. बारभाईंवर राग असलेल्या किल्लेदाराला आणि बेकार शिलेदाराला एक नाव हवे होते. भाऊसाहेब परत आले तर बाळ पेशवे आणि त्यांचे कारभारी, दोघांचाही हक्क आपोआप मागे पडत होता.

कुलाब्याहून आणलेल्या या कैद्याला वाटेतच संपवणे सोपे होते. बारभाईंनी तसे केले नाही. पुण्यात पुन्हा चौकशी बसली आणि तिच्या प्रमुखपदी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होते. हे नाव निवडण्यात बारभाईंतले कारभारी नाना फडणीस यांचे सगळे शहाणपण दिसते. नारायणरावांच्या खुनाबद्दल दादासाहेबांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडून गेलेला हा माणूस. त्याला परत बोलावून न्यायासनावर बसवले ते बारभाईंनीच. शास्त्रीबुवांनी खोटा म्हटले की तो खोटा, एवढी त्यांच्या शब्दाची किंमत होती. भाऊंना जवळून ओळखणारी माणसे पुण्यात अजून हयात होती, घरातल्या गोष्टी विचारता येत होत्या, आणि जुन्या चौकशीचे कागद दप्तरात होते. निकाल तोच लागला. डिसेंबर 1776 मध्ये तोतयाला देहान्त शिक्षा झाली. पुढे त्याला सामील झालेल्यांच्या चौकश्या चालल्या आणि अनेकांना कडक शिक्षा झाल्या.

आता खरा पेच. तोतया संपला, पण त्याच्यामागे गेलेले वीस हजार? त्यांतला कोण मनापासून फसला, कोणी पगारासाठी तलवार उपसली, कोण दादासाहेबांचा हस्तक होता आणि कोण नुसता वारा पाहून फिरला? अशा वेळी पुणे दरबाराची पद्धत साधारण अशी दिसते: शिपायाला सोडून द्यायचे, कारण उद्या तोच आपल्या फौजेत हवा असतो, पुढाऱ्याला धरायचे, वतनदाराचे वतन जप्त करायचे आणि मग दंड, जामीन, रदबदली यांच्या वाटेने ते परत द्यायचे की नाही ते सावकाश पाहायचे. जप्तीची ही दोरी फाशीच्या दोरीपेक्षा जास्त कामाची होती. वतन परत मिळण्याची आशा असलेला माणूस बंड करत नाही. त्याचे भाऊबंदही त्याला करू देत नाहीत.

नारायणरावांवर प्रत्यक्ष हात टाकणाऱ्यांना मात्र दया नव्हती. गारद्यांचा सरदार महंमद इसफ पकडून मारला गेला. खुनाचा तपास दादासाहेबांच्या दारापर्यंत जात होता, हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि खाली गारद्यांवर कठोर होणे हा त्या ठाऊक असण्याचाच एक भाग होता.

दादासाहेबांच्या निष्ठावंतांत सखाराम हरी गुप्ते हे नाव वेगळे काढावे लागते. हा कायस्थ प्रभू सरदार शेवटपर्यंत आपल्या धन्याला सोडायला तयार झाला नाही. बारभाईंनी त्याला जड बेड्या घालून किल्ल्यावर टाकले. ग्रँट डफ हा स्कॉटिश इतिहासकार मराठ्यांच्या कारभाऱ्यांबद्दल फारसे गोड लिहीत नाही, पण सखाराम हरीच्या इमानाबद्दल त्याने आदराने लिहिले आहे: अन्न तुटले, शरीर खंगले, महिनोन्महिने तो तसाच टिकून राहिला आणि दादासाहेबांचे नाव घेत मेला. त्याला कोणत्या न्यायसभेपुढे उभे केल्याचे दिसत नाही. त्याचा गुन्हा सर्वांना माहीत होता आणि तो गुन्हा म्हणजे इमान. रामशास्त्र्यांसारख्या माणसापुढे तो मांडायचा कसा?

इथे पेशवाईतल्या एका रिवाजाचा विचार करावा लागतो. ब्राह्मणाला आणि स्त्रीला देहान्त शिक्षा देणे टाळले जाई. सुखलाल ब्राह्मण असूनही मारला गेला, हा मोठा अपवाद. त्यावरून त्याची धास्ती किती होती ते कळते. बाकी ब्राह्मण राजकैद्यांसाठी किल्ला हाच उपाय होता, आणि किल्ल्यावर काय होई याबद्दल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यानंतर 1819 च्या आपल्या अहवालात अंगावर काटा आणणारी नोंद केली आहे. ज्यांना उघड मारता येत नसे त्यांना विषाने किंवा घातक अन्नाने संपवले जाई. निम्मे पीठ आणि निम्मे मीठ यांची भाकरी हा त्यातलाच एक प्रकार. एल्फिन्स्टन जिंकणाऱ्या बाजूचा होता, हरलेल्यांचे दोष दाखवण्यात त्याचा फायदा होता, हे धरूनही ही नोंद सहज झटकून टाकता येत नाही.

प्रत्येक कैदी असा मेला, असे मुळीच नाही. किल्ल्यावरच्या कैदेचे अनेक दर्जे होते. मानाच्या कैद्याला शिधा, तूप, हाताखाली माणूस, कधी बायकामुलेही बरोबर. कमी मानाच्याला बेडी आणि कोरडा शिधा. हवालदार आणि सबनीस यांनी पहारा आणि हिशेब पाहायचा. कोणी भेटायचे, पत्र जाऊ द्यायचे की नाही, हे पुण्याहून ठरे. कोणा किल्लेदाराचे कैद्याशी सूत जमले असा वास आला की कैद्याची रवानगी दुसऱ्या किल्ल्यावर. रत्नागिरीच्या परांजप्यांनी जे केले त्यानंतर हा संशय आणखी वाढला असणार. मुदत मात्र बहुधा कुठेच ठरलेली नसे. गुन्हा, पुरावा, शिक्षेची वर्षे यांतले काही न ठरवता माणूस बाजूला ठेवून देण्याची ही सोय होती.

या सोयीचा सर्वांत मोठा कैदी रायगडावर मेला.

सखारामबापू बोकील हे सासवडजवळच्या हिवऱ्याचे. त्यांचे पूर्वज पंताजी गोपीनाथ 1659 मध्ये शिवाजी महाराजांचे वकील म्हणून अफझलखानाकडे गेले होते. बापू म्हणजे मराठेशाहीतल्या साडेतीन शहाण्यांपैकी एक पूर्ण शहाणा. नाना फडणीस त्या हिशेबात अर्धे, कारण त्यांना तलवार चालवता येत नसे. बारभाईंची मसलत उभी केली ती या दोघांनी. पुरंदरच्या तहावर बारभाईंच्या बाजूने याच दोघांची नावे आहेत. पण बापूंचे जुने सूत दादासाहेबांशी होते आणि नानांचा वाढता हात त्यांना खुपत होता. 1778 मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी नानांना बाजूला सारून दादासाहेबांना परत आणण्याचा घाट घातला. मुंबईकरांशी झालेल्या त्या पत्रव्यवहारात बापूंचाही हात होता. इंग्रज दादासाहेबांना घेऊन घाट चढले आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला शरण आले. त्यानंतर ही कागदपत्रे नानांच्या हाती पडली आणि बापू धरले गेले.

पहिल्यांदा सिंहगड. मग प्रतापगड, जिथल्या पायथ्याशी पंताजींनी आपल्या घराण्याचे नाव कमावले होते. शेवटी रायगड. 2 ऑगस्ट 1781 रोजी, ऐन पावसाळ्यात, बापू तिथे वारले. कसे वारले याबद्दल तेव्हापासून कुजबुज आहे आणि ती कुजबुज मिटण्यासारखी नाही.

तोतयासाठी रामशास्त्री, आणि बापूंसाठी कोणीच नाही. हा फरक विचार करण्यासारखा आहे. तोतया परका होता; त्याची चौकशी जितकी उघड होईल तितका बारभाईंचा फायदा. बापूंना न्यायसभेपुढे उभे करायचे तर त्यांना बोलू द्यावे लागले असते. त्यांनी तोंड उघडले असते तर मोरोबांच्या घाटात गुंतलेल्या तुकोजी होळकरांचे नाव निघाले असते, आणखी कोणाकोणाचे निघाले असते, आणि मसलतीच्या पहिल्या दिवसांत कोण कोणाशी काय बोलले होते तेही. होळकरांची फौज त्या क्षणी इंग्रजांविरुद्ध हवी होती. पुरावा कमी होता म्हणून नव्हे, जास्त होता म्हणून बापूंची चौकशी झाली नसावी. मोरोबांचेही तेच झाले. ते अहमदनगरच्या किल्ल्यात गेले आणि सुमारे दोन दशके तिथल्या कैदेत राहिले.

रायगडाच्या परिसराने याच्या अगदी उलटा निर्णयही पाहिला होता, सुमारे शंभर वर्षे आधी. 3 एप्रिल 1680 रोजी शिवाजी महाराज रायगडावर निवर्तले. अण्णाजी दत्तो, मोरोपंत पिंगळे आदी मंत्र्यांनी लहानग्या राजारामांना मंचकारोहण करवून संभाजीराजांना पन्हाळ्यावर धरण्याचा बेत केला. सेनापती हंबीरराव मोहिते यांनी बाजू फिरवली, मंत्रीच धरले गेले आणि जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. या वेळी त्यांनी कोणाला मारले नाही. कैदेतून सोडले, काहींना पदेही दिली. पुढच्या वर्षी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला येऊन पालीजवळ राहिला. जुन्या मंडळींनी त्यालाच हाताशी धरून राजांविरुद्ध दुसरा कट केल्याचे उघड झाले, तेही खुद्द अकबराकडून. मग सुधागड-पालीच्या मुलखात अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस, त्यांचा मुलगा आवजी आणि इतरांना देहान्त शिक्षा झाली. हत्तीच्या पायी दिल्याचे सांगतात.

यातल्या बाळाजी आवजींच्या अपराधाबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही. त्यांचे दुसरे चिरंजीव खंडो बल्लाळ यांना संभाजीराजांनीच चिटणिशी दिली आणि त्या घराण्याने पुढे राजारामांना जिंजीला पोहोचवताना जिवावर उदार होऊन सेवा केली. एकदा माफी, नंतर सरसकट देहान्त: या क्रमामुळे संभाजीराजांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. पहिल्या वेळी ते भोळे ठरले, दुसऱ्या वेळी क्रूर. शत्रू दाराशी असताना, हाताशी असलेल्या दोन-चार पत्रांवरून आणि एका परक्या शहजाद्याच्या शब्दावरून निकाल द्यायचा होता, ही गोष्ट टीकाकार बहुधा सोडून देतात.

तोतया ज्या वर्षी कुलाब्याला सापडला त्याच वर्षी समुद्रापलीकडे अमेरिकेतही नेमका हाच प्रश्न पडला होता. इंग्लंडच्या राजाशी इमान राखणाऱ्या शेजाऱ्यांचे काय करायचे? न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 1776 मध्ये कट शोधून मोडण्यासाठी एक समितीच नेमली गेली. पुढे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झालेले जॉन जे तिचे सभासद होते. संशयिताला बोलावायचे, साक्षी घ्यायच्या आणि नव्या सत्तेशी इमानाची शपथ मागायची, अशी रीत. शपथ घेतली तर घरी, नाही तर जामीन, दुसऱ्या प्रांतात स्थानबद्धता किंवा तुरुंग. कनेक्टिकटमध्ये तर तांब्याची जुनी खाण तुरुंग म्हणून वापरात होती. बेंजामिन फ्रँकलिन यांचा स्वतःचा मुलगा विल्यम, न्यूजर्सीचा राजनिष्ठ गव्हर्नर, त्याच साली धरला गेला आणि 1778 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. युद्ध संपल्यावर सुमारे 60,000 राजनिष्ठांनी देश सोडला. मराठी राज्यात हा देश सोडण्याचा मार्ग जवळपास नव्हता. मुंबई तेवढी होती, आणि म्हणूनच कुलाब्यासमोरचे पाणी इतके महत्त्वाचे.

फ्रान्समध्ये सोळा वर्षांनी काय झाले ते अधिक भयंकर. सप्टेंबर 1792 मध्ये परकी फौज पॅरिसकडे येत असल्याची बातमी पसरली आणि जमावाने तुरुंगांत घुसून काही दिवसांत हजाराहून अधिक कैदी मारले. काही ठिकाणी दारातच टेबल मांडून मिनिटा-दोन मिनिटांचे खटले चालवले गेले. मरणाऱ्यांत राजनिष्ठ होते तसे साधे चोर-भामटेही होते. पुढच्या सप्टेंबरात संशयितांसाठी कायदाच झाला आणि त्याची व्याख्या इतकी सैल होती की तिच्यात कोणीही बसवता येई. पुण्यात असे काही झाले नाही याचे श्रेय एकट्या नानांना देता येणार नाही. तिथे रस्त्यावरचा जमाव राजकारणात नव्हता, आणि प्रत्येक संशयिताच्या मागे वतन, जात, सोयरीक यांचे इतके धागे होते की एकाला ओढले की दहा घरे हलत.

1796 मध्ये सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात नाना स्वतः पुण्यातून निघून महाडला येऊन बसले आणि पाठीशी असावा म्हणून त्यांनी रायगडाची शिबंदी वाढवली. तिथे बसून त्यांनी आपले शेवटचे मोठे कारस्थान तडीस नेले. वर्षअखेर दादासाहेबांचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हा कारभारी. 31 डिसेंबर 1797 रोजी दौलतराव शिंद्यांच्या भेटीला गेले असताना त्यांना दग्याने पकडण्यात आले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात टाकले गेले. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. पुढल्या वर्षी शिंद्यांना पैशांची नड पडली, तेव्हा रक्कम मोजून घेऊन त्यांना सोडण्यात आले.